समोर समुद्र आहे, पण मासा कधीचा आहे?

सुट्ट्या जवळ आल्या की एक सल्ला हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: "ताजी मासळी खायची तर गर्दीच्या ठिकाणी जाऊ नका. समुद्रकाठचं एखादं शांत गाव गाठा. पाण्याला लागून असलेल्या कुठल्याही हॉटेलात बसा, मासा सकाळीच जाळ्यातून निघालेला असणार. 'फ्रोझन' हा शब्द ऐकलात तर सरळ उठा. मासळीचा वास दरवळत असेल तर जागा अस्सल समजा. टाकीत जिवंत माल दिसला तर प्रश्नच मिटला. आणि ताजं आहे म्हटल्यावर बाधायची भीती नाही." मला हा आतापर्यंत चार जणांनी पाठवलाय. चौघांनाही मासळी माझ्याइतकीच आवडते, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा शांततेचा. ऐकायला गोड आहे, पण गणित उलटं आहे. हॉटेलातली मासळी ताजी राहते ती खपामुळे. दहा टेबलं, त्यातली आठ रिकामी, आणि हातात दिलेल्या मेनूवर चाळीस पदार्थ: सहा प्रकारचे मासे, कोळंबी, खेकडे, माकुल्या (स्क्विड), शेवंड (लॉबस्टर). दोन टेबलांसाठी एवढं सगळं आज सकाळी कोण आणून ठेवेल? आणलंच, तर उरलेलं रात्री कुठे जाईल? जिथे तासाभरात पातेलं रिकामं होतं तिथे शिळं उरतच नाही; शांत गावात ते रोज उरतं. म्हणून अशा गावात मी पाटीवर पाचच पदार्थ असलेली आणि दुपारी दोनला 'संपलं' म्हणून हात वर करणारी जागा शोधतो. वादळी हवेत चार दिवस होड्या बाहेर पडल्या नसताना जिथे 'आज मासा नाही' असं सांगतात, ती त्याहून बरी. त्याच दिवशी ज्या हॉटेलात अख्खा मेनू मिळतो, तिथला फ्रीजर केवढा असेल याचा अंदाज करा.

पाण्याला लागून असलेल्या हॉटेलाचं म्हणाल, तर तिथे समुद्र जवळ असतो, मासा असेलच असं नाही. धक्क्यावर उतरलेला देखणा माल लिलावात बाहेरचे व्यापारी उचलतात, कारण शहरात आणि निर्यातीत त्याला जास्त भाव मिळतो. गावातला स्वयंपाकी चुलीपाशी पोचेपर्यंत बर्फात भरलेली गाडी निघूनही गेलेली असते, आणि मग तेच हॉटेल कधी कधी शहरातल्या घाऊक बाजारातून मासळी उलटी आणतं. कोळंबी तर बऱ्याचदा समुद्राचं तोंडही न पाहिलेली, तळ्यात वाढवलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगात मत्स्यशेतीतून निघालेले मासे, कोळंबी, शिंपल्या वगैरे पहिल्यांदाच पकडलेल्या मालापेक्षा जास्त भरले, एकूण उत्पादनाच्या ५१ टक्के. तळ्यातली कोळंबी वाईट असते असं माझं म्हणणं नाही. पण तिला समोरच्या लाटांमधली समजून जास्त पैसे का द्यायचे?

आता 'सकाळीच जाळ्यातून निघालेला'. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्या जातात: आज उतरलेला मासा आणि आज पकडलेला मासा. छोटी होडी पहाटे जाऊन दुपारी परतते. मोठा ट्रॉलर कित्येक दिवस बाहेर असतो आणि पहिल्या दिवशी पकडलेला मासा शेवटच्या दिवशी धक्क्यावर येतो. वेटर 'आजच आलाय' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, आपण अर्धंच ऐकतो.

तरीही छोट्या होडीचा मासा डोळे झाकून चांगला आणि ट्रॉलरचा वाईट असं नाही, कारण खरा हिशोब बर्फाचा आहे. मासा सडण्याचा वेग शून्य अंशावर जेवढा असतो, त्याच्या साधारण सव्वादोन पट ५ अंशांवर आणि चौपट १० अंशांवर होतो. म्हणजे १० अंशांवर काढलेला एक दिवस हा बर्फातल्या चार दिवसांबरोबर. दोन दिवस बर्फात नीट दाबलेला मासा आणि सकाळी पकडून दुपारपर्यंत उन्हात होडीच्या तळाशी पडलेला मासा यातला मी पहिला घेईन. शिवाय पाण्यातून काढल्याकाढल्या मासा सर्वांत चवदार असतो हेही सरसकट खरं नाही. मेल्यानंतर स्नायू ताठरतात, त्या अवस्थेत शिजवला तर मांस आकसतं आणि चिवट होतं. ज्याला आपण चव म्हणतो त्यातला एक मोठा घटक, इनोसिनेट, मासा मेल्यावरच मांसात साचायला लागतो. जपानी स्वयंपाकी काही मासे मुद्दाम थंडाव्यात ठेवून मग कच्चे वाढतात, ते उगाच नव्हे.

'फ्रोझन म्हटलं की उठा' हा राग एके काळी रास्त होता. मासा सावकाश गोठला की मांसातल्या पाण्याचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फाडतात, आणि वितळल्यावर रस निथळून चोथा उरतो. क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकन माणसानं आजच्या कॅनडातल्या लॅब्राडॉर भागातल्या कडाक्याच्या थंडीत बघताबघता दगड झालेला मासा शिजवल्यावर ताज्यासारखा लागतो हे पाहिलं आणि १९२०च्या दशकात झटपट गोठवण्याची पद्धत बाजारात आणली. आज टूना पकडणाऱ्या दूरच्या जहाजांवर माल उणे ६० अंशांपर्यंत नेतात. असा मासा चार दिवस फिरून आलेल्या 'ताज्या' माशाला सहज मागे टाकतो. कच्चा मासा वाढणाऱ्या ठिकाणी तर गोठवणं हाच बहुतेक माशांसाठी सुरक्षेचा उपाय आहे: परजीवी कृमी मारायला उणे २० अंशांवर ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर गोठवून त्याच तापमानाला १५ तास, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचं मार्गदर्शन आहे. माझी तक्रार फ्रीजरबद्दल नाहीच. गोठवलेलं 'ताजं' म्हणून विकणं आणि एकदा वितळलेलं परत गोठवणं, भांडायचं तर यावर भांडा.

वासाचा सल्ला धोक्याचा आहे. ताज्या समुद्री माशाला ज्याला आपण 'माशाचा वास' म्हणतो तो जवळजवळ नसतोच. ओल्या शेवाळाचा, कधी चक्क काकडीचा भास होतो. तो नेहमीचा उग्र दर्प ट्रायमिथाइलअमाइनचा. माशाच्या अंगातल्या एका बिनवासाच्या द्रव्यापासून जिवाणू तो तयार करतात, म्हणजे जितका दर्प तितकी जिवाणूंची मेहनत. लिंबातलं आम्ल या अमाइनला बांधून टाकतं, म्हणून पिळलं की वास दबतो. वास दबतो, मासा होता तसाच राहतो. मोरी (छोटा शार्क) आणि पाकट (चपटा रे मासा) यांची गोष्ट निराळी: त्यांच्या मांसात मुळातच युरिया असतो, शिळे होताना त्याचा अमोनिया होतो. ताट समोर येताच नाक झोंबलं तर सरळ परत पाठवा.

टाकीतल्या शेवंडीकडून एवढंच कळतं की ती जिवंत आहे. किती दिवस तिथे उपाशी बसली आहे ते तिच्या मिशांवरून सांगता येत नाही. खेकडा मात्र हातात घेऊन बघा, आकाराच्या मानानं जड लागला पाहिजे.

शेवटचा मुद्दा थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ताजं म्हणजे सुरक्षित, हे चूक आहे. बांगडा, टूना असले मासे पकडल्यावर काही तास गरम राहिले तर त्यात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं. पुढे बर्फात घाला, तळा, उकळा, ते जात नाही आणि मासा दिसायला ठीक असू शकतो. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, जीभ चुरचुरते, आणि लोक म्हणतात, 'मला माशाची अ‍ॅलर्जी आहे'. शिंपल्या-कालवांचं आणखी वेगळं. पाण्यात विषारी सूक्ष्म शैवाल फोफावलं की त्या ते विष गाळून अंगात साठवतात. शिंपली टकटक केल्यावर झटकन मिटणारी, म्हणजे अगदी जिवंत असली तरी विष असतंच आणि शिजवूनही जात नाही. त्या किनाऱ्यावर शिंपल्या काढायला बंदी आहे का, हे ताजेपणापेक्षा आधी विचारायचं. प्रवाळाभोवतीच्या मोठ्या शिकारी माशांमधलं सिग्वाटेरा विषही असंच, ना चव ना वास.

मग हॉटेलात गेल्यावर करायचं काय? 'ताजं आहे का' हे मी विचारणं सोडून दिलंय, त्याचं उत्तर जगभर एकच मिळतं. मागे एका आडगावच्या हॉटेलात वेटरला उलटं विचारलं, "आज काय घेऊ नको?" तो हसला, एकदा मागे वळून पाहिलं आणि हळूच म्हणाला, "माकुल्या नका घेऊ, परवाच्या आहेत." तरी मी बघायला मागितल्या. ताज्या माकुलीची कातडी तपकिरी ठिपक्यांनी भरलेली आणि मांस काचेसारखं पांढुरकं असतं. या गुलाबी पडल्या होत्या. मग तो आतून एक बांगडा ताटलीत घालून घेऊन आला. डोळे जरा धुरकट होते. वितळत्या बर्फाच्या पाण्यानं चांगल्या माशाचेही तसे होतात. मी काही बोलायच्या आत त्यानंच अंगठ्यानं कल्ल्याचं झाकण उचललं. आत लालभडक. दोन सांगितले.