बी.ए.ला प्रवेश घेताय? मग हे पाळाच

बारावी झालेली मुलगी ‘बी.ए. करते’ म्हणाली, तर आधी खिडक्या लावून घ्या. आत्याच्या कानावर जायला नको. आत्याचा मुलगा इंजिनीअर आहे आणि सध्या इथे इंदूरातच, भंवरकुआंला कोचिंग लावून एमपीपीएससीची, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतोय. त्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते. पण तो इंजिनीअर आहे.

कॉलेज बघताना इमारतीकडे बघू नये. खाली मोबाइलचं दुकान, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आणि त्याच्यावर महाविद्यालय असेल, तर ‘घराजवळ आहे हो’ एवढंच म्हणावं.

टीसी, मायग्रेशन, समग्र आयडी (राज्य सरकारचा ओळख क्रमांक), मूळ निवासी दाखला: सगळ्याच्या दोन-दोन प्रती जास्त घ्याव्यात.

विषय मात्र घरून ठरवून जाऊ नये. हा आगाऊपणा आमच्या भाचीनं गेल्या आठवड्यात केला. तिला म्हणे इतिहास शिकायचाय. खिडकीतल्या मॅडमनी मान वर न करताच सांगितलं, “इतिहास में बच्चे नहीं हैं, समाजशास्त्र ले लो.” ही म्हणाली, प्रवेशाच्या पोर्टलवर तर इतिहास दिसतोय. “पोर्टल पे तो सब दिखता है, बेटा.” नवं शिक्षण धोरण आपल्या मध्य प्रदेशानं २०२१ पासूनच लागू केलंय, मेजर म्हणजे मुख्य, मायनर म्हणजे दुय्यम, वर व्यावसायिक विषय, कशाला कमी नाही. व्यावसायिक म्हणून त्यांनी हिला जैविक शेती दिली. जैविक शेती, तिसऱ्या मजल्यावर! गच्चीला कुलूप, जिन्यात तुळशीची कुंडीसुद्धा नाही. प्रॅक्टिकल कुठे होतं, असं मी विचारलं. “फाइल बनानी होती है. नीचे फोटोकॉपी वाले के यहाँ बनी-बनाई मिल जाएगी.” आणि शिकवणारे? “सर दिवाली के बाद आएँगे.” दिवाळीनंतर! फी मात्र आज, आणि तीही रोख. मी पावती मागितली तर मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचं वय विचारलं.

हजेरीची काळजी सोडा. ७५ टक्क्यांचा नियम भिंतीवर चौकट करून लावलाय, त्याच्याच खाली बसून सांगतात, “कोचिंग करनी हो तो बता देना, अटेंडेंस देख लेंगे.”

चौथ्या वर्षी ऑनर्ससोबत संशोधनही करता येतं, पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के मिळाले तर. जरूर करावं. ग्रंथालय म्हणजे एक कपाट आहे, किल्ली ज्यांच्याकडे आहे त्या रजेवर आहेत. गाइडं खजुरी बाजारात मिळतात.

बस झालं. मला आता हसत हसत लिहवत नाही.

विमानतळाला अहिल्याबाईंचं नाव, विद्यापीठाला अहिल्याबाईंचं नाव. त्यांच्या जन्माची ३०० वर्षं म्हणून २०२५ मध्ये राज्याचं मंत्रिमंडळ थेट होळकरांच्या राजवाड्यात येऊन बसलं. आणि इंग्रजांशी झालेल्या १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला का आली, हे शिकू पाहणाऱ्या पोरीला त्याच राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर ऐकावं लागतं की ‘बच्चे नहीं हैं’? समोर उभी होती ती कोण होती? शिक्षक नेमायचा नाही तर विषय पोर्टलवर टाकता कशाला? तीन मुलं आली तर तिघांचा वर्ग घ्या. फी घेताना तीन मोजता येतात ना?

आणि आईबापांनो, तुम्हीही कमी नाही. चारशे रुपयांचा शर्ट उलटा करून शिवण बघता आणि तीन वर्षांची फी भरताना एकदा वर्गात डोकावत नाही. ‘बी.ए.च तर आहे’ म्हणून सोडून देता. तुमच्या त्या ‘च’वर यांची दुकानं चालतात! शिकायचं म्हणणाऱ्या पोरीलाच वर गप्प बसवता, “जाऊ दे, घे समाजशास्त्र.” समाजशास्त्रालाही तिथे सर नाहीतच.

उद्या सकाळी जा. वेळापत्रक मागा, शिकवणाऱ्यांची नावं मागा, चालू तासाला मागच्या बाकावर जाऊन बसा. तास चालू नसेल तर एक रुपयाही भरू नका, उठा आणि दुसरं कॉलेज बघा. सीएलसीची, म्हणजे कॉलेज पातळीवरच्या प्रवेशाची फेरी अजून बाकी आहे.