मंडीची धडी आणि चार घरांचे वाटे

परवा आमच्या बिल्डिंगमधे नव्याने राहायला आलेल्या मुलीने जिन्यात विचारलं, काकू तुम्ही मंडीतून भाजी आणता ना, खरंच पैसे वाचतात का हो? तिचा नवरा इंदूरजवळच्या पीथमपूरला नोकरीला, घरात दोघं आणि एक लहान बाळ, महिना ताणून ताणून काढतायत बिचारे. मी उभ्या उभ्या काहीतरी अर्धं सांगितलं, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि राहूनच गेलं. आता नीट लिहितेय, म्हणजे तिच्यासारखं अजून कोणाला हवं असेल तर वाचेल. आधीच सांगते, लांब आहे.

वाचतात. चांगले वाचतात. पण एकटं घर मंडीत गेलं तर वाचत नाहीत, उलट जास्त जातात, आणि हे मी वहीत लिहून बघितलंय म्हणून सांगतेय.

2022 च्या दिवाळीनंतरची गोष्ट. मुलाच्या कोचिंगची फी सुरू झाली होती, घरात आम्ही चौघं, भाजी आणि फळं मिळून महिन्याला साधारण 4,800 रुपये जायचे. आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो, चोइथराम मंडी, म्हणजे भाजी-फळांचा घाऊक बाजार, गाडीवर दहा मिनिटं. म्हटलं एवढी मोठी मंडी दाराशी असताना आपण गेटवर ठेल्यावर पाव-पाव किलो का घेतोय? गेले. थंडीचे दिवस, टमाटर उतरलेले, 200 रुपयांत अख्खं कैरेट, म्हणजे क्रेट, 24-25 किलो, म्हणजे किलोला आठ रुपये आणि गेटवर तेव्हा वीस चालू होते. अ‍ॅक्टिव्हाच्या पायाशी कैरेट ठेवून मी इतकी खूश होऊन आले की घरी येऊन सगळ्यांना भाव सांगत फिरले.

दोन आठवड्यांत आम्ही त्यातले खाल्ले पाच किलो. थोडे बहिणीकडे दिले, थोडे कामवाल्या मावशींना दिले, चटणी केली, आणि बाकीचे खालून पाणी सुटून गेले ते ओल्या कचऱ्याच्या डब्यात. आता हिशोब बघा, पाच किलो गेटवरून वीसने घेतले असते तर 100 रुपये झाले असते, मी दिले 200, वर पेट्रोल, वर सकाळचे दोन तास. महिन्याच्या शेवटी वही जोडली तर भाजीचा खर्च 5,200. मला रडूच आलं त्या रात्री, कारण मी खरंच मेहनत केली होती.

मार्ग काढला सासूबाईंनी. त्या रामबागेतल्या वाड्यात वाढलेल्या, म्हणाल्या, अगं आमच्याकडे पाच बिऱ्हाडं होती, लोणच्याच्या कैरीचं पोतं यायचं ते कधी एका घरासाठी यायचं नाही, ओटीवर वाटे पडायचे. आणि एक नियम सांगितला जो आम्ही आजही पाळतो, वाटे घालणाऱ्याने आपला वाटा शेवटी उचलायचा. एवढा एक नियम असला ना की कोणाला काही बोलावं लागत नाही, कारण जी वाटे घालते ती मग आपोआप एकेक टमाटर बघून सारखेच वाटे घालते.

त्या जानेवारीपासून आमची चार घरं आहेत. आम्ही, समोरच्या वहिनी, खालचे रिटायर्ड काका-काकू आणि मागच्या गल्लीतली एक मराठी मुलगी जी नोकरी करते. दर पंधरा दिवसांनी एकीची पाळी. आदल्या रात्री नऊपर्यंत ग्रुपवर सांगायचं काय हवं, पैसे त्याच दिवशी द्यायचे, काटा आमच्याकडे आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मंडीत एकदम सकाळी जी बोली लागते तिथे आपल्यासारख्यांचं काही काम नाही. तिथे शेतकऱ्याचा माल आडत्याकडे उतरतो, ढिगावर बोली होते आणि थोक घेणारे ठेलेवाले, दुकानवाले, हॉटेलवाले तो उचलतात. त्या वेळी मधे मधे फिरलं तर हम्माल ओरडतात, आणि बरोबरच ओरडतात, पाठीवर एवढं वजन घेऊन माणूस चाललेला असतो. आपण बोलीनंतर जायचं, आतच खेरची, म्हणजे किरकोळ, विकणारे बसतात त्यांच्याकडे. तिथे माप धडीचं, धडी म्हणजे पाच किलो. पहिल्या वेळी मी दोन किलो गिलकी, म्हणजे घोसाळी, मागितली तर तो म्हणाला, "भाभी, धडी से कम नी मिलेगा." पाच किलो गिलकी एका घरात कोण खाणार सांगा, चार घरांत मात्र दोन दिवसांत संपते.

माल बघताना वरचा थर बघूनच भाव ठरवू नका. कैरेटच्या कडेने हात खाली घालायचा, खालचा टमाटर ओला लागला तर ते कैरेट सोडायचं. आणि सगळे लालभडक घेऊ नका, अर्धे पिवळसर घ्या, घरी कागदावर देठ खाली करून एकेक सुटा ठेवला की आठवडाभर आरामात पिकत जातात. आलू अंधारात ठेवायचे, उजेडात हिरवे पडतात आणि हिरवा भाग खायचा नसतो. आलू आणि कांदे एका टोपलीत तर अजिबात नको, दोन्ही लवकर खराब होतात, आम्हीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. कांद्याचं तर अजून एक आहे, पावसाळी लाल कांदा कितीही स्वस्त दिसला तरी पंधरा दिवसांपेक्षा जास्तीचा घेऊ नका, तो टिकत नाही. साठवायचा तो उन्हाळ्यात येणारा, एप्रिल-मेमधला, पातळ सालींचे थर घट्ट बसलेला, मान बारीक वाळलेली असलेला. हवेशीर जागी पसरला तर चार-पाच महिने सहज जातो.

पण खरी बचत, माझं मत विचाराल तर, रोजच्या भाजीत नाहीये, ती हंगामात आहे. जानेवारीत बटला, म्हणजे ओला मटार, उतरतो तेव्हा आम्ही प्रत्येक घरामागे एक धडी घेतो. गेल्या वेळी 20 रुपये किलो मिळाला, म्हणजे घरटी 100 रुपये. रविवारी दुपारी गच्चीवर चादर अंथरून सगळ्या बसलो, वीस किलो शेंगा मधे ओतलेल्या, सासूबाई भिंतीला टेकून, त्यांचा हात आमच्या सगळ्यांपेक्षा भरभर, अंगठ्याने शेंगेचं तोंड दाबलं की टप् असा आवाज होतो आणि दाणे थेट पातेल्यात. नोकरीवाली मुलगी म्हणाली तिने आयुष्यात पहिल्यांदा एवढा बटला सोलला. पाच किलोतून सव्वादोन किलोच्या आसपास दाणा निघतो. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, कापडावर पूर्ण कोरडा करून पिशव्यांत भरून फ्रीजरमधे. पंचेचाळीस रुपये किलोचा दाणा आणि घरचा. दुकानात फ्रोजनचं पाकीट त्याच्या अडीच-तीनपट पडतं.

टमाटरचंही तसंच. फेब्रुवारीत शिजवून गाळून डबे भरतो. 2023 च्या जुलैमधे टमाटर देशभर शंभराच्या वर गेले होते आठवतंय ना, लोक आमटीत चिंच घालत होते, तेव्हा आमच्या चारही घरांत फेब्रुवारीचे डबे निघत होते.

पालेभाजी मात्र मंडीतून आणायची नाही. मेथी, पालक, कोथिंबीर हे रोजचं आहे, रोज लागेल तेवढं गेटवरच्या ठेलेवाल्या बाईकडून घ्यायचं, आणि इथे मला जरा मनापासून बोलायचंय. मंडीला जायला लागल्यावर सुरुवातीला मीही तिला ऐकवायचे, अगं मंडीत तर आठ रुपये आहे, तू वीस कशी लावते? आता मला त्याची लाज वाटते. ती पहाटे चारला उठून बोलीला जाते, लोडिंग रिक्षाचं भाडं भरते, तुलाई-हम्माली भरते, दिवसभर उन्हात उभी राहते, आणि संध्याकाळी जे कोमेजलं ते तिचं नुकसान. माझं एका कैरेटमधलं कितीतरी गेलं तर मी रडले, तिचं रोज जातं. मंडीचा भाव हा पंचवीस किलोचा भाव आहे, पाव किलो निवडून घेणाऱ्याला तो कसा लागेल? रिझर्व्ह बँकेच्या 2024 च्या अभ्यासात आलं होतं की गिऱ्हाईक जो रुपया देतं त्यातले टमाटरमधे साधारण 33 पैसे, कांद्यात 36 आणि आलूत 37 पैसे शेतकऱ्याला मिळतात. बाकीचे पैसे वाटेत जातात, आणि त्या वाटेवरचा सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात कमी ताकदीचा माणूस ठेल्यावर उभा असतो. आपण घासाघीस करतो ती नेमकी त्याच्याशीच. मॉलमधे स्टिकर लावलेल्या पाकिटाला कोणी म्हणतं का, दोन रुपये कमी करा?

आणि घासाघीस मंडीतसुद्धा नको, शेतकऱ्याचा विचार करून. 2017 च्या जूनमधे मध्य प्रदेशात शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, तेव्हा कांदा इतका पडला होता की सरकारला आठ रुपये किलोने विकत घ्यावा लागला होता. ते दिवस इंदूरने बघितलेत. स्वस्त मिळालं की मलाही बरं वाटतं, खोटं कशाला बोलू, पण लसूण पाच रुपयाने पडला तर मंदसौर-नीमचकडच्या कोणाच्या तरी घरचं लग्न पुढे ढकललं जात असेल हेही मनात येतं. म्हणून आमच्या ग्रुपचं ठरलंय, सांगितलेला भाव पटला तर घ्यायचं, नाही पटला तर पुढे जायचं, ओरडून पाडायचा नाही.

आता वही. गेल्या वर्षभराची सरासरी काढली तर आमच्या घराचा भाजी-फळांचा खर्च महिन्याला 3,500 च्या आसपास येतो, पेट्रोलचा वाटा धरून. भाव मधल्या काळात वाढलेत आणि तरीसुद्धा 4,800 वरून एवढा खाली आलाय. महिन्याचे 1,300, वर्षाचे पंधरा हजाराच्या वर. आमच्यासाठी ती कोचिंगच्या एका हप्त्याएवढी रक्कम आहे. फळं आता आम्ही जास्त खातो हे वेगळंच, बऱ्हाणपूरची केळी चार घरांत दोन दिवसांत संपतात, पूर्वी डझनभर आणली तर शेवटची दोन काळी व्हायची.

ज्यांच्याकडे गाडी नाही, वेळ नाही, ज्या एकट्या राहतात, त्यांनी मंडी जमत नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. आमच्यातली नोकरीवाली मुलगी आजपर्यंत दोनदाच मंडीत गेलीये, तिला सकाळी जमत नाही, तर ती सगळ्यांचा हिशोब ठेवते आणि पैशाचं बघते. खालच्या काकांना वजन उचलवत नाही, ते लसूण निवडून जुड्या बांधतात. प्रत्येकाला काहीतरी येतंच.

तर जिन्यात विचारणाऱ्या सूनबाई, हे तुझ्यासाठी. गुरुवारी सकाळी सातला मी निघतेय, वर्षाचा लसूण घ्यायचाय, वाळलेला आलाय आता. तुला दीड-दोन किलोचा वाटा पुरेल. राजेंद्र नगर, लोकमान्य नगरमधल्या अजून कोणाला हवा असेल तर बुधवारी रात्री नऊच्या आत सांगा, पिशवी आपापली आणा, वाटे आमच्या पार्किंगमधे दहा वाजता पडतील. या वेळी वाटे मी घालणार, त्यामुळे माझा शेवटी.