कठोर उपाय म्हणजे योग्य उपाय नव्हे

स्पर्धा परीक्षेतील 'विधान आणि कार्यवाही' प्रकारच्या प्रश्नात (एक परिस्थिती देऊन तिच्यावर कोणते उपाय योग्य ठरतात हे विचारणाऱ्या) साथीचा उल्लेख आला की सर्वांत कठोर पर्याय निवडावा, हा एका लेखातील सल्ला मला चुकीचा आणि परीक्षार्थींचे हक्काचे गुण घालवणारा वाटतो. उपाय किती कडक आहे यापेक्षा तो रोग पसरण्याच्या वाटेवर घाव घालतो का, हे आधी तपासले पाहिजे.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा मी जवळच्या धायरीत राहत होतो. हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही आणि संशय दूषित पाण्यावर होता. त्यामुळे वस्तीची नाकेबंदी करणे हा पर्याय कितीही दक्ष वाटला तरी तेथे गैरलागू ठरतो, तर विहिरीच्या पाण्याची तपासणी, क्लोरिनेशन आणि पाणी उकळून पिण्याची सूचना हे तिन्ही पर्याय ग्राह्य ठरतात. आमच्या सोसायटीच्या टाकीतील पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडिन या क्लोरीन तपासण्याच्या रसायनाचे थेंब टाकले, तरी नळीत पिवळी छटा उमटली नाही, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलेलेच नव्हते. अभ्यासिकेतील मुलांना हा प्रश्न शिकवताना मी त्या नळीपासूनच सुरुवात करतो.