हुकूमनामा विकू नका: ‘जप्तीत खर्चच जास्त’ या मेसेजला उत्तर

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागातल्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: माल उचलून पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्याविरुद्ध कोर्टात जिंकलात, तरी हातात हुकूमनामा, म्हणजे कोर्टाच्या निकालाचा नुसता कागद येतो. जप्तीचा खर्च वसुलीपेक्षा जास्त. राहतं घर जप्त होत नाही. मालमत्ता बायकोच्या नावावर गेली की विषय संपला. जेलमध्ये घातलं की देणं फिटतं. तीन वर्षं उलटली की हुकूमनामा रद्दीत. आणि शेवटी सल्ला: निम्म्यावर तोड करा आणि हुकूमनामा ‘वसुलीवाल्यां’ना देऊन मोकळे व्हा.

मी सांगलीच्या दिवाणी कोर्टात दरखास्तीची, म्हणजे हुकूमनाम्याची वसुली करून घ्यायच्या अर्जांची, कामं करतो. हा मेसेज वाचून हुकूमनामा विकायला निघालेले शेतकरी मी पाहिलेत, आणि त्याचा मला मनापासून राग आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी खर्च, कारण लोक तिथंच कच खातात. दावा लावताना रकमेच्या प्रमाणात स्टॅम्प भरावा लागतो. तो दरखास्तीला पुन्हा भरायचा नसतो. दरखास्तीचा स्टॅम्प किरकोळ असतो. पुढं नोटिसांची आणि वॉरंटची प्रोसेस फी, बेलीफाचा भत्ता आणि लिलावापर्यंत गेलात तर जाहिरातीचा खर्च. हे सगळं आधी तुमच्या खिशातून जातं हे खरं. पण कोर्टानं मंजूर केलेला हा खर्च येण्याच्या रकमेत मिळवला जातो आणि प्रतिवादीकडूनच वसूल होतो. वकिलाची फी मात्र पूर्ण परत मिळत नाही, कोर्ट ठरवेल तेवढीच मिळते. शिवाय दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४ खाली कोर्टानं पुढचं व्याज दिलं असेल, तर पैसे मिळेपर्यंत ते चालू राहतं.

मग ‘खर्चच जास्त’ ही ओरड येते कुठून? ती येते आंधळ्या जप्तीतून. काही माहिती न काढता थेट घरातलं सामान जप्त करायचं वॉरंट मागायचं. मग टेम्पो तुम्ही आणायचा, हमाल तुमचे, पंच तुम्ही शोधायचे, माल ठेवायला जागा बघायची. हाती काय लागतं? जुना फ्रिज, टीव्ही, धूळ खात पडलेली मोटारसायकल. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्मरूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाही असा मंगळसूत्रासारखा दागिना, हे सगळं कलम ६० नं आधीच वगळलंय. असल्या जप्तीत खर्च निघत नाही, इथपर्यंत मेसेज बरोबर आहे. पण मुळात ती जप्ती मागायलाच नको होती.

आपल्या भागात व्यापाऱ्याची खरी माया कोल्ड स्टोरेजमध्ये असते. बेदाणा त्याच्या नावावर महिनोन्‌महिने पडून असतो. असा माल तिसऱ्याच्या ताब्यात असेल, तर त्याच संहितेच्या आदेश २१, नियम ४६ खाली नुसत्या मनाई हुकमानं, म्हणजे ‘हा माल त्याला देऊ नका’ अशा कोर्टाच्या हुकमानं जप्त होतो. दरखास्तीसोबत यादी द्यायची: कोल्ड स्टोरेजचं नाव, लॉट नंबर, अंदाजे वजन. बेलीफ जाऊन मॅनेजरच्या हातात हुकूम देतो, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घेतो, झालं. टेम्पो नाही, हमाल नाही, बॉक्स जागचा हलत नाही. त्यानंतर तो लॉट बाहेर गेला तर जाब स्टोरेजवाल्याला द्यावा लागतो. त्या मालावर बँकेचं तारण कर्ज असेल तर बँकेचा हक्क आधी येतो, हे मात्र अगोदर तपासा. बँक खात्यातली शिल्लक किंवा पुढच्या व्यापाऱ्याकडून त्याला येणारी रक्कमही अशीच धरता येते.

पण ही माहिती आणायची कुठून? थोडी तुम्हालाच असते. माल कुठल्या गाडीनं कुठं गेला, चेक कुठल्या शाखेचा होता, अडत्या कोण होता, हे गावात ठाऊक असतं. ते लिहून ठेवा. बाकीची कोर्टामार्फत काढता येते. पैशाचा हुकूमनामा ३० दिवस फेडला गेला नाही, तर आदेश २१ च्याच नियम ४१ खाली अर्ज करून प्रतिवादीला त्याच्या सगळ्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावता येतं. कोर्टानं सांगूनही दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. एका अर्जाचं काम आहे हे. तरी कित्येक दरखास्ती त्याच्याशिवाय वर्षानुवर्षं पडून राहतात, याची मला खरंच चीड येते.

राहतं घर. घराला संरक्षण आहे, पण ते शेतकरी, मजूर आणि घरगडी यांच्या राहत्या घराला. शेतकरी म्हणजे स्वतः शेती कसणारा आणि मुख्यतः त्याच उत्पन्नावर जगणारा. सातबाऱ्यावर नाव आहे एवढ्यानं व्यापारी शेतकरी ठरत नाही. त्याचा बंगला, गाळा, प्लॉट जप्त होतो. कुलूप दिसलं की बेलीफ परत जातो असंही मेसेजात आहे. कलम ६२ चं बंधन राहत्या घरापुरतं आहे: सूर्यास्तानंतर, सूर्योदयाआधी शिरायचं नाही, आणि प्रतिवादी स्वतः तिथं राहत असून अडवत असेल तरच बाहेरचं दार तोडायचं. गाळ्याला किंवा गोदामाला हे लागू नाही. कुलूप तोडायचा हुकूम आणि पोलीस बंदोबस्त अर्ज करून मागता येतो.

बायकोच्या नावावर केलं तर? कधी केलं ते बघा. फेरफाराची तारीख लपत नाही. जप्तीनंतर केलेला खाजगी व्यवहार तुमच्या वसुलीपुरता रद्दबातल, कलम ६४. धनकोंना बुडवायच्या हेतूनं आधी केलेली हस्तांतरणं मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५३ खाली रद्द करून घेता येतात, मात्र ते सिद्ध करावं लागतं आणि वेळ खातं. म्हणून दावा चालू असतानाच तो मालमत्ता विकतोय अशी कुणकुण लागली, तर आदेश ३८ नियम ५ खाली निकालाआधीची जप्ती मागा.

जेलबद्दल अर्धं खरं सांगितलंय. दिवाणी कैदेतल्या माणसाचा भत्ता अर्जदारालाच भरावा लागतो. पण सुटला म्हणून देणं फिटत नाही. कलम ५८ स्पष्ट सांगतं की त्याच हुकूमनाम्यावर पुन्हा अटक होत नाही, कर्ज मात्र कायम राहतं. जो खरंच कंगाल आहे त्याला आत घालायच्या मागं लागू नका. सुप्रीम कोर्टानं १९८० सालीच जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितलंय की नुसती असमर्थता अटकेला पुरेशी नाही, ऐपत असून टाळाटाळ दिसली पाहिजे.

मुदत बारा वर्षांची आहे, तीन नव्हे. मर्यादा अधिनियम, १९६३, अनुच्छेद १३६. दोन वर्षांनंतर दरखास्त केली तर आधी नोटीस काढावी लागते, एवढंच.

उशीर होतो, हे मी नाकारत नाही. २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात सुप्रीम कोर्टानं दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा म्हणून सांगितलं, तरी २०२५ मध्ये त्याच कोर्टापुढं आलेल्या आकडेवारीत देशभर ८ लाखांहून अधिक दरखास्ती पडून होत्या आणि सगळ्यात जास्त महाराष्ट्रात, ३ लाखांहून अधिक. म्हणूनच नेमकी मालमत्ता दाखवून दरखास्त करा आणि तारखेला ‘सहा महिने’ची आठवण लेखी द्या.

राहिले वसुलीवाले. हुकूमनामा लेखी करून दुसऱ्याच्या नावावर केला की वसुलीचा हक्क त्याचा, तुमचा हात सुटला. नुसत्या तोंडी बोलण्यावर हुकूमनाम्याची नक्कल दिलीत आणि त्यांनी व्यापाऱ्याच्या दारात जाऊन दमदाटी केली, तर पोलीस ठाण्यात जाब तुम्हालाही विचारतील. परस्पर रोख घेतली, तर ती रक्कम आदेश २१ च्या नियम २ प्रमाणे कोर्टात नोंदवायला लागते, आणि पैसे तुमच्यापर्यंत पोचले नाहीत तरी व्यापारी पावती दाखवायला मोकळा. ज्यांनी नक्कल देऊन ठेवलीय त्यांनी कुठल्याही कोऱ्या कागदावर सही केली होती का ते आधी आठवावं, केली असेल तर तो कागद लेखी परत मागावा आणि त्या पत्राची पोच जपून ठेवावी.