गिरणा नदी वर कशी चढते?
मुलांना नकाशा शिकवताना पृथ्वीगोलापासून सुरुवात करा, असं एका लेखात वाचलं; ते पटलं नाही. तिसरीच्या मुलांना गोलापेक्षा जिल्हा जवळचा. पण नकाशा भिंतीवर टांगला की उत्तर दिशा म्हणजे 'वर' हेच डोक्यात बसतं. जळगावचा नकाशा बघून एक पोरगी म्हणाली, "बाई, गिरणा वर चढून तापीला कशी मिळते?" प्रश्न बरोबरच होता! मग नकाशा जमिनीवर अंथरला, पूर्वेची बाजू सकाळच्या उन्हाकडे केली. दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, उतार तापीकडे, हे लगेच उमगलं. त्याआधी वर्गाचा आराखडा पावलांनी मोजून काढून घ्यावा, १ पाऊल म्हणजे वहीतला १ चौकोन. 'प्रमाण' हा शब्द नंतर आला तरी चालतो. (आमच्या आराखड्यात फळा दरवेळी भलत्याच भिंतीवर जातो, ते सोडा.)