गुरूच्या वाटेवरचे लघुग्रह पृथ्वीकडे निघालेले नाहीत

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मजकूर फिरतोय: ‘गुरूच्या कक्षेत हजारो लघुग्रह घुसलेत, ते गुरूवर आपटून तुकडे पृथ्वीवर येणार.’ हे खोटं आहे. शाळेतली पोरं घाबरून विचारतात, म्हणून लिहितोय.

हे लघुग्रह नव्याने घुसलेले नाहीत. पहिला, अकिलीस, खगोलशास्त्रज्ञ माक्स वोल्फ यांना १९०६ मध्येच सापडला. आज दहा हजारांहून जास्त माहीत आहेत. त्यांना ट्रोजन म्हणतात. ते गुरूभोवती नव्हे, सूर्याभोवती फिरतात आणि गुरूसारखीच सुमारे १२ वर्षांत एक फेरी मारतात. एक थवा गुरूच्या साधारण ६० अंश पुढे, दुसरा तितकाच मागे. सूर्य, गुरू आणि थवा मिळून समभुज त्रिकोण होतो, त्यामुळे गुरूपासूनचं अंतरही सरासरी ७८ कोटी किलोमीटर भरतं. मग आपटणार कसे? तिथे लघुग्रह जरा भरकटला तरी पुन्हा त्याच भागात वळतो. गणितज्ञ लाग्रांज यांनी अशा जागा १७७२ मध्येच गणिताने दाखवल्या होत्या. कोट्यवधी वर्षांत एखाददुसरा निसटतो खरा, पण अख्खा थवा नाही.

या लघुग्रहांच्या चित्रात ठिपके खेटून दिसतात, कारण ते ठिपके प्रमाणाबाहेर मोठे काढलेले असतात. २०२१ मध्ये निघालेलं नासाचं ल्यूसी यान २०२७ मध्ये पहिल्या ट्रोजनजवळून जाणार आहे.