स्पोर्ट्स कार काढणाऱ्यांस सोलापुरातून थोडे हिताचे

चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत जागा घेऊन पुढच्या पिढीची स्पोर्ट्स कार काढण्याचा आपला संकल्प कानावर आला आणि आनंद झाला. चादर हातावर तोलून तिचा भाव सांगणारी गिऱ्हाइके ज्या गावात आहेत, तिथे हा धंदा करायचा तर आपल्याला सल्ला लागणार, हे उघडच आहे. मी आपली गाडी कधीच घेऊ शकणार नसल्यामुळे माझा सल्ला पूर्णपणे निःस्वार्थी आहे, याची खात्री असू द्यावी.

सर्वांत आधी इंजिनाचा विचार करू नका. ती चूक जुनी माणसे करीत. इंजिन किती सीसीचे असावे, हे अभियंत्याला विचारण्याची रीत आता राहिलेली नाही, कारण त्याचे उत्तर कराच्या तक्त्यात आधीच छापलेले असते. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून १२०० सीसीच्या आतल्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल मोटारीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यापलीकडच्या मोटारीवर ४० टक्के. तेव्हा आपल्या स्वप्नाचे नाक आणि शेपूट कुठे कापायचे, ते आपल्या चार्टर्ड अकाउंटंटने ठरवलेले बरे. टाटांनी २०१७ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात रेसमो नावाची देखणी गाडी मांडली होती. ती चार मीटरच्या आत बसत होती आणि तिच्या १.२ लिटरच्या टर्बो (म्हणजे हवा दाबून आत भरणाऱ्या) इंजिनाची ताकद १९० अश्वशक्ती सांगितली होती. ती विक्रीला आलीच नाही, आणि म्हणूनच तिच्याविषयी आजतागायत एकाही मालकाची तक्रार नाही. हा आदर्श नजरेसमोर ठेवावा.

इंजिन लहान केल्यावर ते लहान का केले, हे सांगण्याची कला साधली पाहिजे. ताणाबाणा विरळ करून तीच चादर ‘खास उन्हाळी’ म्हणून चढ्या भावाने विकणारा व्यापारी आपल्या माहितीत असेलच. त्याला विपणनप्रमुख नेमा. पोर्शेने २०१६ साली बॉक्स्टर आणि केमन या गाड्यांतले सहा सिलिंडर काढून चार सिलिंडरांचे टर्बो इंजिन बसवले. ताकद वाढली, वेग वाढला, कागदावर सगळे वाढले. फक्त ज्या आवाजासाठी लोक पैसे मोजत होते, तो गेला. मर्सिडीझने तर सी ६३ मधले चार लिटरचे आठ सिलिंडर काढून दोन लिटरचे चार सिलिंडर आणि जोडीला विजेची मोटर दिली. अश्वशक्ती ६८० झाली आणि गाडीचे वजन दोन टनांच्या वर गेले. इतके करूनही जुने चाहते रुसले, याचा अर्थ त्यांना आकडे वाचता येत नाहीत असा घ्यावा, आणि पुढच्या जाहिरातीत आकडे मोठ्या टायपात छापावेत.

टर्बोची आणखी एक सोय आहे. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, तापलेली हवा विरळ होते, म्हणून ती इंजिनात जाण्यापूर्वी इंटरकूलरमधून थंड करावी लागते. आणि आपल्या गावी मे महिन्यात बाहेरची हवाच मुळात चाळीस अंशांच्या वर असते. यावर उपाय सोपा आहे. गाडीची चाचणी डिसेंबरच्या पहाटे पुणे रस्त्यावर घ्यावी आणि गाडी गिऱ्हाइकाच्या हाती मे महिन्याच्या दुपारी द्यावी.

आवाजाची चिंता करू नये. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम५ मध्ये दहा सिलिंडरांच्या जागी टर्बो लावलेले आठ सिलिंडर बसवले आणि इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत ऐकवला, तेव्हापासून हा प्रश्न तांत्रिक न राहता संगीताचा झाला आहे. बुलेटच्या फटफटणाऱ्या सायलेन्सरांवर पोलीस रोलर फिरवतात, त्याच देशात आपण तोच आवाज काचा बंद करून, वातानुकूलित स्वरूपात आणि वेगळी किंमत लावून विकू शकता. (हा धंदा मला आधी सुचला असता, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.)

इंजिन बनवण्याचा खर्च जड वाटला, तर शेजारणीकडून विरजण आणावे तसे ते दुसऱ्या कंपनीकडून आणावे. टोयोटाने २०१९ ची सुप्रा बीएमडब्ल्यूच्या सहा सिलिंडरांवर उभी केली आणि कोणाचे दही नासले नाही. हाताने गिअर टाकण्याची सोय मात्र पहिल्या दिवशी देऊ नका. सुप्राला ती २०२२ मध्ये मिळाली. तोवर ज्यांनी घाईने गाडी घेतली होती, त्यांना हळहळण्याचे सुख मिळाले. पोर्शेनेही २०१९ साली बॉक्स्टर-केमनच्याच घराण्यात सहा सिलिंडरांचे, टर्बो नसलेले चार लिटरचे इंजिन परत आणले, आणि जी वस्तू स्वतःच काढून घेतली होती, तिच्या पुनरागमनाचा सोहळा केला. काढून घेणे हे नवे मॉडेल आणि परत देणे हे त्याहून नवे मॉडेल, एवढे समजले की व्यूहरचना पूर्ण झाली.

आणि तरीही गाडी खपली नाही, तर तिची उंची वाढवून एसयूव्ही करा. पोर्शेने २००२ मध्ये कायेन काढून हे दाखवून दिले आहे. सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंतचे गतिरोधक पाहता, तुम्हाला हे शहाणपण त्यांच्याहून लवकर सुचेल.

अनावरणासाठी गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाइतकी चांगली जागा नाही. जानेवारीत अख्खा जिल्हा तिथे लोटतो. फक्त आपला मंडप मौत का कुआँच्या शेजारी घेऊ नका. तिथे सायलेन्सर काढलेली एक जुनी मोटारसायकल फळ्यांवरून गरगरत असते, तिला किती सिलिंडर आहेत हे कोणी विचारत नाही, आणि तिचा आवाज सुरू झाला की आपल्या मंडपातली पोरे, स्पीकर चालू असतानाही, तिकडे पळतील.